झिरी बुजेपर्यंत

१४ नोव्हेंबर १९५३, शनिवार

फोडली एकदाची भिंत! सकाळपासून भोजराज छिन्नी-हातोडा घेऊन मागच्या खोलीत ठोकून राहिला होता. संध्याकाळी जाऊन पाहते तर भिंतीला दोन लांबच लांब झिऱ्या. एक कमरेइतकी उंच, दुसरी जमिनीलगत. मागच्या अंगणातून भोकं पाडून आत आणल्या, कोपरा वळवला आणि थेट बाजेच्या जागेपर्यंत नेल्या. हात घालून पाहिला, मनगट बुडालं. मातीची भिंत, मास्तरांनी उन्हाळाभर उभं राहून घालून घेतलेली. मास्तर आज असते तर आपल्याच पोराला घराबाहेर काढलं असतं.

"माय, गरम पाण्याचे पाइप आत दडवायचे तर खोलच पाहिजे," म्हणतो. "आता तू अन् तुझा मिस्त्री पाहून घ्या. बुजवणं माझं काम नाही."

फोडणं तेवढं तुझं! वा रे लेका!

घरभर माती. कोठीवर, देवांवर, पाण्याच्या गुंडात. शामकला तोंडाला पदर लावून उंबऱ्यापाशी उभी राहिली. आत आली नाही. माझी ही सून वर्षभर त्या खोलीत गेलेली नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

काल रागात लिहिलं. आज नीट लिहिते.

शामकलाला सहावा सरत आला. गोंदियाच्या लेडी डॉक्टरनं दिवाळीच्या आधीच बजावलंय — "पहला आठवें में हुआ, ये भी जल्दी हो सकता है. बच्चा छोटा होगा, कमरा गरम चाहिए. मगर अंगीठी नहीं! बिल्कुल नहीं!" अंगारातून म्हणे एक वायू निघतो, त्याला वास नसतो, तो मोठ्या माणसाचं डोकं धरतो आणि लहान जिवाला नेतो. भिंती भरलेल्या हव्यात, विंचू-काट्याला फट नको, आणि तेलरंग हवा, पुसता येईल असा.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. माझ्या आईनं ठेवली, सासूनं ठेवली. मीही ठेवली.

मागच्या पौषात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आठव्यातच कळा आल्या आणि नातू इथंच झाला. एवढासा. अकरा दिवसांचा होता. त्या रात्री वारा असा सुटला होता की हाडं वाजत होती. मी शेगडी भरली, बाजेखाली सरकवली. आणि झरोक्यात पोतं कोंबलं — मीच. शामकला झोपली होती. सकाळी ती उठली ती ओकतच. बाळ उठलं नाही.

भोजराज ओरडला, "झरोका कोणं बुजवला?" शामकला डोकं धरून बसली होती, म्हणाली, "मीच बुजवला असंल. मले आठवत नाही." आणि मी गप्प राहिले.

तेव्हापासून गप्पच आहे. गावानं तिला बोल लावले, नवऱ्यानं महिनाभर तोंड फिरवलं, तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. ती खरंच समजते की तिनंच केलं. हे या वहीशिवाय कुणाला ठाऊक नाही.

म्हणून ही खोली झालीच पाहिजे. हे मूल जगलंच पाहिजे! मग पाहू.

१८ नोव्हेंबर

चैतराम मिस्त्रीचा पत्ता नाही. दिवाळी संपली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि हा बाबा एकही मंडई सोडत नाही. रात्रभर दंडारीचा नाच-तमाशा पाहतो, दिवसा झोपतो. बायको म्हणते, "कोणत्या गावाले आहे, देवाले ठाऊक."

२२ नोव्हेंबर, रविवार

आला! डोळे लाल, मिशीला अजून गुलाल. भोजराजनं पाइप बसवून ठेवलेल्या झिरीत हात घातला, कोपऱ्यापर्यंत चाचपत गेला आणि खाली बसून विडी पेटवली.

"मास्तरीणबाई, हे एका दिवसाचं काम नोहे जी."

"काऊन नोहे?"

"खोल आहे. पहिले पाइपाच्या मांगं भरा लागते, विटेची ओली रोडी ठासून. मंग बोटभर थर. तो सुकला का दुसरा थर. तो सुकला का तिसरा. एकाच टायमाले कोंबलं तं वरून दिसंल भरलं, अन् आतून राहील पोकळ."

"किती दिवस?"

"पंधरा-वीस धरा."

माझं डोकंच फिरलं. वीस दिवस! मध्ये याच्या चार मंडया! म्हटलं, आजच्या आज बुजवायचं, नाहीतर मी दुसरा मिस्त्री पाहते. त्यानं विडी विझवली. "घर तुमचं, भित तुमची," म्हणाला. मग मीच खळ्यावरचा भुसा पाट्या भरभरून आणला, चिखल तुडवला, आणि सांजेपर्यंत दोन्ही झिऱ्या बंद. हातानं सारखं करून वरून पोतेरं फिरवलं. कशी गुळगुळीत भिंत दिसते! वीस दिवस म्हणे!

२४ नोव्हेंबर

चुन्याचा एक हात दिला. झिरी कुठं होती हे ओळखू येत नाही. आज दोन घास जास्त जेवले.

२९ नोव्हेंबर, रविवार

आज रेडिएटर बसला. भोजराजनं गोंदियाच्या भंगारवाल्याकडून आणलेला — मिलिटरीच्या मोडक्या लॉरीचा. जाळीजाळीचा, काळाकुट्ट, नाकाजवळ नेला तर अजून तेलाचा वास. बाळंतिणीच्या खोलीत लॉरीचं नाक! शेजारच्या सुमित्राबाईनं विचारलं, "आता हॉर्न कुठं लावता?" मी तोंडावर हसले, मनात शिव्या दिल्या.

पण पोरगा डोक्याचा आहे. राइस मिलमध्ये इंजिनावर आहे, त्याला हे कळतं. मागच्या अंगणात खोल चूल, तिच्यावर सगळीकडून बंद केलेला ड्रम. ड्रममधून वरचा पाइप भिंतीतून रेडिएटरला, खालचा पाइप परत ड्रमला. म्हणतो, तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, निवलं की आपोआप खाली येतं, लॉरीत असंच असतं. चूल बाहेर, धूर बाहेर, आत फक्त ऊब.

भुशाची चूल पेटवली. घटका गेली, दोन घटका. मी रेडिएटरवर हात ठेवून बसलेच होते. आधी गार लोखंड. मग कोमट. मग चटका!

मी रडले. भोजराज म्हणाला, "आता काऊन रडतेस वो?" काय सांगू याला!

शामकलाला हाक मारली. उंबऱ्यात आली, हात लांब करून हवा चाचपली. आत पाय नाही टाकला. पण म्हणाली, "गरम आहे जी."

भिंत सुकावी म्हणून आता चूल रोज मंद पेटती ठेवायची.

४ डिसेंबर, शुक्रवार

काय लिहू! भिंत उगवली!

सकाळी झाडायला गेले तर दोन्ही झिऱ्यांच्या रेघेवर हिरवं. चुना फोडून धानाचे कोंब बाहेर आलेत, बोट-बोटभर, दाटच्या दाट. खळ्यावरच्या भुशात धान राहिलं असणार, त्याला ओल मिळाली, पाइपाची ऊब मिळाली. पऱ्ह्यात, रोपांच्या वाफ्यात, उगवत नाही असं धान माझ्या भिंतीत!

मी "अगं बाई" म्हणून ओरडले. झालं! दहा वाजेपर्यंत अर्धं गाव आत. भुजलीच्या सणाला टोपलीत उगवतात तसे कोंब, आणि तेही बाळंतिणीच्या खोलीत. सुमित्राबाई थट्टा विसरली आणि हळदकुंकू घेऊन आली. कुणी नारळ फोडला. "लक्ष्मी आली वो मास्तरीणबाई, तुमच्या भितीतून!"

आणि शामकला आत आली. एका वर्षानं. बायकांनी हाताला धरून आणली. तिनं भिंतीला कुंकू लावलं, कोंबांवर तळहात फिरवला, आणि हसली. तिचे पुढचे दोन दात जरा एकमेकांवर आहेत, हे मी विसरूनच गेले होते.

५ डिसेंबर

चैतराम आला, भिंत पाहिली आणि कपाळावर हात मारला. "हिरवं आहे म्हणजे ओलं आहे. ओलं आहे म्हणजे भितीचं आंग सोडंल. उकरा लागते."

बायका त्याच्या अंगावर धावल्या. गरवार बाई घरात असताना उगवलेलं उपटतात का कुणी? जीभ झडो तुझी!

तो माझ्याकडे वळला. मला कळत होतं त्याचं खरं आहे. तीन पावलांवर शामकला भिंतीला टेकून बसली होती, कोंबांना पाणी शिंपडत होती. ओल्या भिंतीला आणखी पाणी! मी म्हटलं, "राहू दे चार दिवस."

मीच म्हटलं. पुन्हा मीच.

९ डिसेंबर, बुधवार

आजचं लिहायला नको वाटतं. पण लिहिलं पाहिजे.

थंडी वाढली म्हणून भोजराजनं मिलमध्ये जाण्याआधी चूल मोठी केली. दुपारी शामकला खोलीत भिंतीपाशी तांदूळ निवडत बसली होती. मी स्वयंपाकघरात. एकदम किंचाळी! धावत गेले तर खोली निळीशार. वरच्या झिरीचा हातभर तुकडा एकसंध निखळून खाली पडला होता, कोंबांसकट, आणि त्या खिंडारातून धूर येत होता. बाहेरचा! चुलीचा! भोकातून शिरून पाइपाच्या मागून, पोकळीतून, सरळ बाजेपर्यंत. चैतरामनं सांगितलेली पोकळी.

मी तिला ओढून अंगणात आणलं. खोकली, पाणी प्याली. बरी होती. आणि मग ती आपल्याच तोंडावर मारून घ्यायला लागली. दोन्ही हातांनी. "मीच मारला माझा लेकरू! मीच बुजवला झरोका! आता हाही मरंल, माझ्यापाशी कोणताच जगत नाही!" मी हात धरले, ते सोडवून घेऊन पुन्हा मारत होती. गालावर वळ उठले. पोटात सात महिन्यांचं.

मी म्हटलं, "तू नाही बुजवला. मी बुजवला."

तिला कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. पोतं कोणतं होतं ते सांगितलं — मिलचं, लाल पट्ट्याचं, कोठीमागून आणलेलं. ती झोपली होती, मी उठले, मी कोंबलं. "आणि सकाळी तू स्वतःवर घेतलंस, तेव्हा मी गप्प बसले."

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मी नाही?" मी मान हलवली. "मी नाही?" पुन्हा. आणि खाली बसून रडली. असं रडणं मी त्या दिवशीसुद्धा ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता माझ्या गळ्यात पडेल. मी हातही पुढे केला. काय मूर्ख बाई मी!

वळून पाहते तर दारात भोजराज. मिलमधून कधी आला, किती ऐकलं, ठाऊक नाही. सगळं ऐकलं असणार.

१० डिसेंबर

घरात तिघं. तीन वेगळ्या वेळी जेवलो.

१२ डिसेंबर, शनिवार

अर्जुनीहून पुष्पाबाई आल्या. शामकलाची आई. लेकीनंच निरोप धाडला होता. अंगणातच उभ्या राहिल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ईनबाई, वर्षभर माझी पोरगी सुकून राहिली. मी देवाले विचारत होती, कायले. तुम्हाले ठाऊक होतं!"

मी पाय धरले. त्यांनी पाय मागं घेतले.

शामकलानं गाठोडं बांधलं होतं. दोन महिने राहिले, इतक्यात नको जाऊस, असं म्हणायचा मला काय हक्क! जाताना भोजराजशी दोन शब्द बोलली. माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारच्या छोट्या गाडीनं गेल्या. स्टेशनापर्यंत मी मागं मागं गेले, दहा पावलं सोडून. गाडी हलली तशी परत फिरले.

भोजराजनं घरात ताट घेतलं नाही. मिलमध्ये जेवतो म्हणाला. माय म्हणाला नाही.

१३ डिसेंबर

खुरपं घेतलं आणि सगळे कोंब उकरून काढले. मुळांची जाळी होऊन माती धरली होती, हिसडल्याशिवाय सुटेना. सुमित्राबाई कुंपणावरून पाहत होती. "काय करून राहिल्या वो! लक्ष्मीले उपटता?" आता मला कुणाला काय वाटतं याची भीती राहिली नाही. दोन्ही झिऱ्या तळापर्यंत मोकळ्या केल्या. नखं गेली.

कुणासाठी भरायच्या आता? पण उघड्या टाकवत नाहीत.

१४ डिसेंबर

चैतरामच्या घरी गेले. म्हटलं, तुझ्या पद्धतीनं कर. महिना लागला तरी लागू दे. तो म्हणाला, "साकोलीकडं मंडई होती." मग टोपी घालून आला. विचारलं काहीच नाही. गावात सगळ्यांना कळलंय, त्याला कळलं नसेल होय!

१७ डिसेंबर

आधी झिरीच्या कडा पाण्यानं चिंब केल्या. चैतराम म्हणतो, कोरडी भिंत नव्या मालाचं पाणी पिऊन टाकते, मग माल धरत नाही. पाइपाच्या मागं विटेचे तुकडे, रात्रभर भिजवलेले, एकेक करून ठासले. माती नाही, भुसा तर नाहीच. चुना आणि विटेची पूड. बोटभर थर. त्याच्यावर करणीच्या टोकानं आडव्या-तिडव्या रेघा, म्हणजे पुढचा थर पकडेल. मग थांबायचं.

थांबायचं! हेच मला जमत नाही. थर ओला असतो आणि मी दिवसातून दहा वेळा बोट लावून पाहते. चैतराम ओरडतो, "बोट नका लावू ना जी!"

२० डिसेंबर, रविवार

तिसरा थर. त्यानं मला ठोकून ऐकायला शिकवलं. बोट वाकवून ठोकायचं — पोकळ असेल तर ढब, भरलं असेल तर टक. मी दोन्ही झिऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेले. कोपऱ्यात एक जागा ढब वाजली. फोडली. पुन्हा भरली. चैतराम कुरकुरला नाही.

२४ डिसेंबर, गुरुवार

थंडी मेली मरणाची पडली आहे. सकाळी तणसाच्या ढिगावर पांढरं दिसलं.

एकच विचार डोकं खाऊन राहिला आहे. अर्जुनीला काय करतील? तेच करतील! पुष्पाबाई बाजेखाली शेगडी ठेवतील, झरोका बुजवतील, कारण त्यांच्या आईनं तेच केलं. शामकलाची चूक नव्हती हे आता सगळ्यांना कळलं. पण म्हणून शेगडीची होती हे कुणाला पटलंय? सगळा दोष माझ्या गप्प बसण्याचा झाला. अंगार सुटला!

चैतरामची बहीण अर्जुनीला दिली आहे. तिच्या हाती निरोप पाठवला — हवं तर मला शिव्या द्या, पण शेगडी आत ठेवू नका.

२६ डिसेंबर

निरोपाचं उत्तर आलं. "मास्तरीणबाईनं आम्हाले लेकरू जगवाले शिकवू नये."

२८ डिसेंबर

शेवटचा थर भिंतीच्या सपाटीला आला. ओल्या पोत्यानं घासून सारखा केला. आता सुकू द्यायचं, मग रंग. चूल अगदी मंद. बाहेर मुद्दाम ओला भुसा घालून धूर केला आणि आत दार लावून बसून राहिले. सांजेपर्यंत. नाक लावून लावून भिंत हुंगली. नाही आला.

३१ डिसेंबर

भोजराज मागच्या अंगणात आला, ड्रमचा सांधा पाहून गेला. मी म्हटलं, "भोजा, तू तरी अर्जुनीला जा. तुझी बायको आहे. आण तिला." म्हणाला, "कोणत्या तोंडानं आणू? महिनाभर मीच तिच्याशी बोललो नोहतो." मग जरा थांबून — "तुझ्यामुळं."

ऐकून घेतलं. अजून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२ जानेवारी १९५४, शनिवार

पांढऱ्या रंगाचे दोन हात झाले. कुठं फुगा नाही, कुठं चीर नाही. चैतराम जाताना म्हणाला, "पक्की झाली." मजुरी ठरल्याप्रमाणेच घेतली, आणि मंडईतून आणलेली रेवडी माझ्या हातावर ठेवून गेला. ती मी डब्यात ठेवून दिली.

खोली ऊन ऊन आहे. आत कोणी नाही.

३ जानेवारी, रविवार

मीच गेले अर्जुनीला. राहवेना.

पुष्पाबाईनं दारात अडवलं. "आत यायचं नाही." आत नाही येत म्हटलं, इथूनच बोलते. ओसरीवर नवी शेगडी ठेवलेली, मातीनं सारवून सुकत घातलेली. बाजूला कोळशाचं पोतं. मी तिथंच अंगणात बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं, शेजारच्या बायका गोळा झाल्या होत्या त्यांच्यासमोर. मी झरोका कसा बुजवला. बाळ कसं गार पडलं होतं. लेडी डॉक्टर काय म्हणाली. भिंत आता तळापासून कशी भरून घेतली. लाज कुठली आता!

एक म्हातारी म्हणाली, "आमी दहा-दहा काढले शेगडीवर. काई नाही झालं." पुष्पाबाई म्हणाल्या, "तुमच्या हाताले यश नाही, म्हून अंगाराले नाव ठेवता."

शामकला आतल्या दाराशी येऊन उभी होती. फार अवघडली आहे, चेहरा उतरलाय. सगळं ऐकलं. आत गेली.

परतीच्या गाडीत शेजारची बाई विचारत होती, कोणी वारलं का. इतकी रडत होते मी.

५ जानेवारी

काही नाही. चूल पेटवली, विझवली. वेड लागेल.

६ जानेवारी, बुधवार

सकाळच्या छोट्या गाडीनं शामकला आली. एकटी! दाराच्या चौकटीला धरून उभी, घामानं डबडबलेली. "पहाटेपासून कमर भरून राहिली. मायनं शेगडी भरली. नको म्हटलं, ऐकतच नाही, तं मांगच्या दारानं निघाली. तुमच्यासाठी नाही आली मी, आत्याबाई. भित सुकली का?"

सुकली. भोजराजनं चूल पेटवली आणि सुईणीला आणायला धावला. ती खोलीत जाऊन निजली आहे. मी बाहेर ओसरीवर बसले आहे, आत जायची छाती होत नाही म्हणून हे लिहिते —

आतून हाक आली. "आत्याबाई! बाहेर काऊन बसल्या? मी एकटी काय करू? आत या!"

जाते.